धुरीचा खोकला

धरणगाव,
२७ मार्च २०२५

जितेंद्रभाऊ,

रागात असताना नमस्कार लिहू नये असं माझी आई सांगायची, म्हणून तो राहू द्या. तुमची आई आणि भाऊ खुशाल आहेत एवढं कळवते आणि भांडणाला लागते.

फोन का केला नाही, असं विचाराल. एक तर तुम्ही उचलत नाही. आणि उचललात तरी फोनवर मला रडू येतं, नि एकदा रडले की माझं भांडण वाया जातं. कागदावर तसं होत नाही. म्हणून हे पत्र.

सोमवारी क्षयरोग दिनाला जळगावात तुमच्या लसीच्या संशोधनासाठी तुमचा सत्कार झाला. पुण्याहून दीर जळगावात आला, शाल घेतली, नारळ घेतला, आणि तासाभरावरच्या घरी न येता परत गेला, हे आम्हाला कळलं कुठून? भिकनच्या सलूनमधून. तुमचे भाऊ दाढीला बसले होते, भिकननं पेपर पुढे केला आणि म्हणाला, "नवलभाऊ, तुमचं घर छापून आलंय." ते अर्धी दाढी तशीच ठेवून घरी आले.

मी वाचलं. 'माझ्या वडिलांना क्षय होता. घरच्यांनी तो लपवला. त्यांना केळीच्या वखारीत कोंडून ठेवलं.' त्यावर म्हणे सभागृहात टाळ्या पडल्या.

कोंडून? अहो, कडी आतून होती! तुम्ही हा शब्द आणलात कुठून? तुम्ही तेव्हा धुळ्याला होस्टेलात होतात, परीक्षा देत होतात. मी इथे होते. लग्न होऊन वर्षसुद्धा झालं नव्हतं. आबांच्या थुंकीत रक्त पहिल्यांदा मी पाहिलं, आणि त्यांनी मला हात जोडले. सासऱ्यानं सुनेला! म्हणाले, "ज्योत्स्नानं लगीन व्हई जाऊ दे, मंग जाऊत दवाखानामा. कोनले सांगू नको, बेटा." तुमच्या बहिणीचं लग्न ठरलेलं होतं, घरात क्षय आहे कळलं असतं तर ते मोडलं असतं. आबांनी आपण होऊन अंथरूण उचललं आणि वखारीत नेलं. वखारीत केळी पिकवायला धुरी लावावी लागते, तिला माणूस लागतोच, आणि धुरीनं तर कुणीही खोकतो. गावानं विचारलं की आपलं ठरलेलं उत्तर, धुरीचा खोकला. केळी पिकवणाऱ्या घरालाच सुचावं असं खोटं होतं ते. गावानं ते सहज मानलं, आणि आम्हीही हळूहळू मानायला लागलो.

आईंनी आबांचा पेला वेगळा केला, ताट वेगळं केलं, ते राखेनं घासलं. त्यांना वाटलं, झाली काळजी घेऊन. आणि त्या बिनखिडकीच्या, फटी लिंपून बंद केलेल्या खोलीत दोन वेळचं जेवण घेऊन बसायला पाठवलं कुणाला? नव्या सुनेला. आबांना एकट्यानं घास उतरायचा नाही, म्हणून मी त्यांचं जेवण होईतो बसायची. भांडी वेगळी आणि हवा एकच. हे आता तुम्ही भाषणात सांगता. तेव्हा सांगायला कुणी नव्हतं.

त्यानंतर मी माहेरी धुळ्याला का गेले आणि एवढे महिने का राहिले, ते तुम्हांला ठाऊक आहे. इथे लिहीत नाही. मयुरी घरात वावरत असते.

मयुरीवरून आठवलं. तुमच्या पुतणीचा साखरपुडा वीस एप्रिलला आहे, धुळ्याच्या जीवराम पाटलांच्या भूपेंद्रशी. पोरानं आणि पोरीनं एकमेकांना पसंत केलंय. एवढी हसताना मी तिला कधी पाहिली नव्हती. काल जीवरामभाऊंचा फोन आला. "पेपर वाचला. जरा येऊन जातो म्हणतो." साखरपुडा तोंडावर आलेला असताना व्याही 'जरा' येत नाहीत, एवढं कळतं मला.

तेव्हा तुम्ही या. ते यायच्या आधी या आणि तुमच्या तोंडानं सांगा की आमच्या पोरीला काही नाही. आग लावणाऱ्यानं निदान बादली तरी धरावी.

दिपमाला


१० एप्रिल

जितेंद्रभाऊ,

माझ्या एवढ्या मोठ्या पत्राला तुमचं उत्तर मोबाईलवर दोन ओळींचं. 'वहिनी, टीबी आनुवंशिक नाही. सोबतची पीडीएफ त्यांना पाठवा.' उंटावरून शेळ्या हाकाव्यात त्या तुम्हीच. जीवरामभाऊ काय तुमचे परीक्षक आहेत, पीडीएफ वाचायला?

तरी मी ती मयुरीकडून समजून घेतली. ती इथल्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये आहे, हे तरी माहीत आहे ना काकांना? तिनं सांगितलं ते असं. बाळपणी दंडावर टोचतात ती बीसीजी लहान लेकरांना मेंदूच्या क्षयापासून राखते, पण माणूस मोठं झालं की छातीच्या क्षयाला ती पुरी पडत नाही. शरीरातल्या पेशी एकमेकींना निरोप धाडतात, त्या निरोपाच्या बारीक प्रथिनांना सायटोकाइन म्हणतात. लसीसोबत तोच निरोप वरून घातला तर झोपलेल्या पेशी नीट जाग्या होतात आणि शत्रूची ओळख जास्त दिवस धरून ठेवतात. उंदरांत जमलंय, आता माणसांवर पहिली चाचणी करायची आहे. बरोबर?

आणि हे लोकांना समजावं म्हणून तुम्ही उदाहरण दिलंत केळीचं. एक पिकलेलं केळं शेजारच्या कच्च्याला खबर देतं, तसं. उदाहरण चांगलं आहे, नाही कशाला म्हणू? पण मग आबांची वखार तुमच्या विज्ञानालाही चालते आणि तुमच्या दुःखालाही चालते, फक्त तिच्यात पाऊल टाकायला चालत नाही. आणि एक विचारते, खरंच विचारते. धुरी जास्त झाली तर माल उकडतो. तुमचा निरोप जास्त झाला तर माणसाचं काय होतं? याचं उत्तर पीडीएफमध्ये मयुरीला सापडलं नाही.

आता ऐका कालचं. जीवरामभाऊ, त्यांची बायको भागाबाई आणि भूपेंद्र असे तिघं आले. बाहेर ऊन म्हणजे नुसता जाळ. मी तांब्या-पेला घेऊन गेले. जीवरामभाऊ म्हणाले, "उपास आहे." भागाबाई म्हणाल्या, त्यांचाही उपास आहे. बुधवारी! आणि पाण्याचा उपास! निर्जळी एकादशी होती की काय? थोड्या वेळानं त्याच भागाबाईंनी पर्समधून बाटली काढली आणि माझ्यासमोर घटाघटा प्यायल्या. भूपेंद्रनं पेला हातात घेतला, आईकडे पाहिलं आणि खाली ठेवला. मयुरी दारात उभी होती. तिनं ते पाहिलं.

तुम्ही इकडचेच ना? मग तुम्हांला सांगायला नको. ज्या घरचं पाणी घ्यायचं नाही, त्या घरची पोर घ्यायची नाही. तोंडानं बोलायचं कामच राहत नाही.

जीवरामभाऊंनी विचारलं, "आजार फक्त वडलांनाच होता, का आणखी कोणाला?" तुमचे भाऊ पंख्याकडे बघत बसले. आणि आई, वय एवढं झालं तरी तेच, "त्यास्ले दमा व्हता, भाऊ. धुरीना खोकला. पेपरवाला काय, काहीबी छापतस." म्हणजे मुलगा व्यासपीठावरून सांगतो क्षय, आई ओट्यावरून सांगते दमा. मधे माझी पोर उभी.

मग भागाबाई म्हणाल्या, मुलीच्या छातीचा फोटो काढून घ्या. मयुरी म्हणाली, "काढते ना. भूपेंद्रचाही काढू, दोघांचे सोबतच लावू." भागाबाईंना ते झोंबलं. मला मात्र पोरीला मिठी मारावीशी वाटली. जाताना "कळवतो" म्हणून गेले.

माझ्या जिभेवर सगळं आलं होतं आणि मी चहाचे कप गोळा करत राहिले. भरलेले कप.

येणार आहात की दुसरी पीडीएफ पाठवणार आहात?

दिपमाला


१९ एप्रिल

भाऊ,

उद्या साखरपुडा होता. नाही आता.

मयुरीचा फोटो स्वच्छ आला. तो आम्ही त्यांना पाठवला आणि वाटलं, मिटलं. पण घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं. जीवरामभाऊंनी धुळ्यात माझ्या माहेरच्या गल्लीत चौकशी केली. तिथे एवढ्या वर्षांनीही कुणाला तरी आठवत होतं की दिपमाला लग्नानंतर माहेरी येऊन सरकारी दवाखान्यातून गोळ्या आणायची. परवा मध्यस्थ मगनमामांना घेऊन सगळे आले. शेजारचे दोघे-तिघे उगाच ओट्यावर येऊन बसले, तमाशा काय फुकटचाच.

जीवरामभाऊ थेट म्हणाले, "ताई, तुम्हाला होता का नव्हता, तेवढं सांगा."

आईंनी लगेच तोंड उघडलं. "तिले कसाना आजार? ती बाळंतपणले जायेल व्हती..." आणि मला काय झालं सांगू? इतकी वर्षं ज्या वाक्याच्या आडोशाला मी राहिले, ते वाक्य ऐकून माझं डोकं फिरलं. बाळंतपण! अहो, माझं लेकरू तेव्हा पोटातही नव्हतं. बाळंतपणाला गेलेली बाई रिकाम्या हातानं परत आली म्हणून गावानं माझ्या पोटी मेलेलं मूल जन्माला घातलं. सांत्वनाला बायका आल्या. त्यांच्यासमोर मी रडायचं नाटक केलं आणि नाटक करता करता खरंच रडले. हे तुम्ही कुठल्या भाषणात घालाल?

मी म्हणाले, "होय, मले व्हयेल व्हता. क्षय. सासऱ्याला जेवू घालताना झाला. सहा महिने गोळ्या खाल्ल्या, एक दिवस चुकवला नाही. बरी झाले. ही पोर त्यानंतरची. मी बरी झाल्यावर या घरात माझ्या हातचं सगळ्यांनी खाल्लं, आणि सगळे तुमच्यासमोर धडधाकट बसलेत. आता काय विचारायचं ते मला विचारा. पंख्याला विचारू नका."

तुमचे भाऊ तेव्हा उठून माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. त्यांना बोलता येत नाही, तुम्ही ओळखता. पण उभे राहिले.

आई कपाळाला हात लावून बसल्या. "बठ्ठं सांगी टाकं तू." हो, सगळं सांगून टाकलं. भागाबाई पदर नाकाला लावून उठल्या. माझा आजार बरा होऊन तेवीस-चोवीस वर्षं झाली आणि पदर आत्ता! भूपेंद्र चुळबुळत म्हणाला, "मी घरच्यांना समजावतो, थोडा वेळ द्या." मयुरी त्याच्यासमोर आली. हातात पाण्याचा पेला होता. "समजवायला वेळ लागेल, ते समजू शकते. पाणी प्यायला किती लागतो?"

त्यानं पेल्याकडे पाहिलं. बापाकडे पाहिलं. घेतला नाही.

मयुरीनं ते पाणी तुळशीला घातलं आणि म्हणाली, "मामा, आमच्याकडून नकार आहे. तसं सांगा. त्यांनी मोडलं नाही, मी मोडलं."

मग आत जाऊन दार लावून घेतलं. रात्री जेवली नाही. मी दाराशी बसले तर आतून म्हणाली, "आई, तू मला का नाही सांगितलंस? मी टीबीचे रिपोर्ट करते ना रोज." म्हटलं, तुझं लग्न मोडू नये म्हणून. त्यावर ती हसली. ते हसणं मला अजून ऐकू येतंय.

आमच्या गावात क्षय झालेल्या माणसापेक्षा क्षय झाला असं म्हणणारा माणूस जास्त धोक्याचा. त्या नादात आबा गेले. दवाखान्यात वेळेत नेलं असतं तर आज खाटेवर बसून त्यांनी तुमच्या शालीची किंमत विचारली असती. माझी चीड तुमच्यावर आहे, आईंवर आहे, त्या ज्योत्स्नाताईंच्या सासरवर आहे, आणि जिच्यासाठी हे सगळं झालं त्या अब्रूवर तर सगळ्यांत जास्त आहे. पण ती कुठे सापडत नाही, म्हणून तुम्ही सापडता.

दिपमाला


२५ एप्रिल

जितेंद्रभाऊ,

तुमचा लांबलचक मेसेज आला. या वेळी पीडीएफ नव्हती, त्याबद्दल आभार.

निरोप जास्त झाला तर काय, याचं उत्तर दिलंत ते वाचलं. ताप चढतो, फुफ्फुसाला सूज येते, जी जागा वाचवायची तिचंच नुकसान होतं, म्हणून मात्रेवरच तुमची एवढी वर्षं गेली. हे मला पटलं. अशी माणसासारखी उत्तरं देता येतात तुम्हांला, मग देत का नाही?

दुसरं तुम्ही लिहिलंत की पेपरात खुलासा छापून आणतो, 'कोंडलं' हा शब्द मागे घेतो. आणि तिसरं अगदी शेवटी, भीत भीत, की पुढच्या वर्षी चाचणीसाठी आपल्या तालुक्यातून निरोगी माणसं हवी आहेत, पण पहिल्याच बैठकीला कुणी आलं नाही. लोक म्हणतात, यांच्याच घरात आजार, हेच टोचणार, म्हणजे टोचून आजारच देणार. आणि वहिनी, तुम्ही गावात बोलाल का?

वा! दिव्याखाली अंधार तो हाच. पेशींनी एकमेकींना हाक कशी मारायची यावर तुमची हयात गेली, आणि घरच्या माणसाला हाक मारायची वेळ आली ती कामापुरती.

माझं नाव भाषणात का नाही घेतलं, तेही लिहिलंत. 'तुम्हांला त्रास होऊ नये म्हणून.' खोटं आहे हे. आबांचं नाव घेताना आमचा त्रास आठवला नाही आणि माझ्याच नावापाशी बरा आठवला? माझं नाव घेतलं असतं तर त्यामागून एक गोष्ट यायची होती, ती तुम्हांला नको होती. तुम्ही ती विसरला असाल असं मी इतकी वर्षं स्वतःला समजावलं. तुमचा मेसेज वाचून कळलं, विसरला नाहीत.

तर मी लिहिते.

धुळ्यात माझं माहेर नदीच्या या अंगाला आणि तुमचं होस्टेल त्या अंगाला, मधे एक पांझरा. त्या सगळ्या महिन्यांत तुम्ही एकदाही आला नाहीत. ते मी सोडून दिलं, पोरगं आहे, घाबरलं असेल. मग माझ्या गोळ्या संपल्या, डॉक्टरांनी बरी झाली म्हणून लिहून दिलं, मी सासरी आले. वैशाखात तुम्ही सुट्टीला आलात. एसटी स्टँडवरून भर दुपारी चालत, चेहरा लालबुंद, ओठ सुकलेले. मी तांब्या घेऊन दारात आले. आबा गेल्यापासून घरात कुणी माझ्याशी सरळ बोलत नव्हतं. मला वाटलं होतं, जितेंद्रभाऊ शिकलेले आहेत, सायन्सला आहेत, हे तरी बोलतील.

तुम्ही म्हणालात, "नको वहिनी, तहान नाही."

आणि मागच्या अंगणात जाऊन हातपंपाला तोंड लावून प्यायलात. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहत होते. कितीतरी वेळ प्यायलात.

भागाबाईंची बाटली पाहिली तेव्हा मला ती बाई दिसलीच नाही, भाऊ. तुम्ही दिसलात. आणि भूपेंद्रनं पेला ठेवला तेव्हाही. माझ्या पोरीनं एका क्षणात जे केलं ते मला तेव्हा करता आलं नाही, मी तांब्या घेऊन आत गेले आणि तुमच्यासाठी पोळ्या लाटल्या.

आता माझं म्हणणं. पेपरात खुलासा छापू नका. शब्द मागे घेऊन काय होतं? पुढे बोला. आबांनी कडी आतून का लावली ते सांगा. माझं नाव घ्या, पूर्ण, दिपमाला नवल पाटील, मुक्काम पोस्ट धरणगाव, हिला झाला होता आणि ही बरी झाली. आणि हातपंपाचंही सांगा. त्यावर टाळ्या पडणार नाहीत, पण ऐकणाऱ्यांत कुणाची तरी वहिनी असेल. मग मी तुमच्या चाचणीसाठी घराघरांत जाईन. आजार झालेली बाई पुढे उभी राहिली की लोक लसवाल्याचंही ऐकतील. मयुरी सोबत येते म्हणाली. काकांशी बोलायचंय म्हणते, बरेच प्रश्न काढून ठेवलेत तिनं. तिला सांभाळून घ्या, ती माझ्याहून तिखट आहे. भूपेंद्रचे फोन येतात तिला. उचलत नाही. मी विचारत नाही.

बुधवारी आखाजी आहे, पुण्यात तुम्ही अक्षय्य तृतीया म्हणता ती. आबांच्या नावानं घागर भरायची असते. दर वर्षी तुमचे भाऊ एकटे भरतात, दुसऱ्या लेकाची जागा रिकामी राहते. आईंनी सांजोऱ्यांचा रवा भाजून ठेवलाय. काल त्यांनी आपण होऊन आबांचा तो वेगळा पेला माळ्यावरून काढला, घासला आणि सगळ्या पेल्यांत मांडून ठेवला.

तुम्ही या. आबांना घागरीचं पाणी तुमच्या हातून, आणि तुम्हांला तांब्यातलं माझ्या हातून. ओट्यावर, सगळ्या गल्लीसमोर.

ऊन फार आहे. वाटेत कुठे पाणी पिऊ नका.

तुमची वहिनी,
दिपमाला